खर्ऱ्याची कविता

गुरुजींना नमस्कार केला की ते घड्याळ पाहत. शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी मी वाकून नमस्कार केला, तेव्हाही त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, "दहा वाजून वीस" म्हणाले आणि वर्गात निघून गेले. मला उशीर झाला हे ते सुचवत असावेत, अशा समजुतीनं मी दिवसभर खजील होते. पुढं कळलं की तसं काही नव्हतं. नमस्काराला उत्तर द्यायचं असतं हे त्यांच्या लक्षातच येत नसे. समोरचा माणूस हात जोडून थांबला आहे म्हणजे तो वेळ विचारत असावा, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

आणि हेच गुरुजी आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिष्टाचार शिकवत.

शाळा मध्य प्रदेशातल्या सौंसरातली, सरकारी. मी तिथं अतिथी शिक्षक होते, म्हणजे दरवर्षी नव्यानं ठेवायची आणि केव्हाही काढता येणारी मास्तरीण. गुरुजी कायम नोकरीवाले. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. मोहगावहून रोज बसनं येत. चहा बशीत ओतून असा ओढत, की तिसरीच्या वर्गातली पोरं मधली सुट्टी झाली समजून डबे काढत. दुपारी टेबलावर पाय टाकून झोपत, आणि पाय नेमके दाराकडे असत, त्यामुळे स्टाफरूममध्ये येणाऱ्याला आधी गुरुजींच्या तळव्यांचं दर्शन घ्यावं लागे. कोणाचं पेन मागून घेतलं की ते त्यांच्याच खिशाला लागायचं. माझी चार पेनं मी त्यांच्या खिशात एका रांगेत पाहिली होती. मागायची हिंमत झाली नाही. मी सभ्य घरातली होते.

एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, गुरुजी, पोरांना इतकं सगळं शिकवता, मग स्वतः काहून नाही पाळत? त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. ते म्हणाले, "शिष्टाचार गोवरासारखा आहे बाई. लहानपणीच अंगावर निघाला पाहिजे. मोठेपणी निघाला तर माणूस दगावते."

"आणि तुमचं?"

"मले लहानपणी निघालाच नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा पाय टेबलावर घेतले.

त्यांचा शिष्टाचार कवितेतून चाले. असं करा, तसं करू नका, हे वाक्य त्यांच्या वर्गात कधी ऐकू आलं नाही. सरकारी पुस्तकातले सुविचार ते फळ्यावर लिहीत, कारण तसा नियम होता, आणि लगेच पुसत, कारण फळा त्यांना लागे. मग कविता सुरू होई. पहिल्या आठवड्यात मी भिंतीपलीकडून ऐकलेली ही:

नाकात बोट घालून बसला राजू,
आधी ही बाजू, मग ती बाजू.
पटवारी म्हणे, विहीर कोणाची?
पाणी नाही लागलं, माती मणाची.

चाळीस पोरं हे बोंबलून म्हणत आणि म्हणता म्हणता प्रत्येकाचं बोट नाकाजवळ जाऊन परत येई. कवितेतला पोरगा नेहमी राजू असायचा, कारण वर्गात कोणी राजू नव्हता. कोणाचं नाव घेऊन हसायचं नाही, एवढा एक नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. पुढच्या वर्षी पहिलीत खरोखरचा एक राजू आला. गुरुजींनी एका रविवारी बसून सगळ्या कवितांतला राजू काढला आणि बबलू घातला. तिसऱ्या दिवशी राजू रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली आणि विचारू लागली, माझ्या लेकराचं नाव काहून काटलं? त्याच्या मोठ्या भावानं त्याला सांगितलं होतं, की आख्ख्या शाळेत तुझ्या नावाच्या कविता आहेत. गुरुजींनी मुकाट्यानं बबलू काढून राजू परत घातला. पोरगा मग वर्षभर नाकात बोट घालून ऐटीत फिरला. शिक्षण म्हणून पाहिलं तर त्या वर्षी थोडा तोटाच झाला.

या कविता फक्त पोरांसाठी आहेत अशी त्यांची समजूत होती. पोरांची तशी नव्हती. एकदा बडे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, व्हरांड्यात आम्हा शिक्षकांना उभ्या उभ्या एक सूचना वाचून दाखवत होते. गुरुजी सवयीप्रमाणे मध्येच घुसले आणि बसचं बदललेलं टाइमटेबल सांगू लागले. खिडकीला पहिलीतली चार पोरं लोंबकळत होती. त्यांनी सुरात धरलं:

दोन माणसं बोलत होती, मधात आली म्हैस,
म्हणे, माझं ऐका आधी, तू खाली बैस.
माणसं म्हणाली, बाई, थोडा चारा खा,
बोलणं आमचं संपलं की मग हंबरत जा.

बडे सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हसावं की पोरांना झोडावं, हे त्यांना ठरवता येईना. गुरुजी मात्र एक क्षण थांबले, "बराबर आहे" म्हणाले आणि खाली बसले. सूचना संपेपर्यंत गप्प होते. त्यांना मी गप्प बसलेलं पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

खर्ऱ्याची कविता मी आल्यानंतरची. शाळेची एक भिंत रस्त्याला लागून होती. जाणारायेणारा खर्रा चघळत तिथपर्यंत येई आणि तिथं तोंड मोकळं करी. तंबाखू-सुपारीच्या पिचकाऱ्यांमुळे भिंतीचा मूळ रंग कोणता होता याबद्दल शाळेत दोन मतं होती. बडे सरांनी "येथे थुंकू नये" असं लिहून पाहिलं. लोक त्या अक्षरांवर नेम धरू लागले. तेव्हा गुरुजी एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तक्ता लिहून द्या." त्यांचं स्वतःचं अक्षर असं होतं, की वर्षअखेरीस निकालपत्रकं तेच परत वाचू शकत नसत. मी रंगीत पेनं विकत आणली आणि मोठ्या हौसेनं लिहिलं:

खर्रा खाऊन काका थुंकले,
भिंतीचे दोन्ही गाल रंगले.
भिंत म्हणे, काकाजी, लाज राखा,
माझं लग्न नाही, हळद नका माखा.

खाली मी एक भिंत काढली. तिला डोळे, नाक आणि लाजलेले गाल काढले. तक्ता व्हरांड्यात लागला. पोरांनी त्याला अभिनय बसवला. लाज राखा म्हणताना तोंडावर हात आणि शेवटच्या ओळीला गाल पुसायचे. मी मनातून खूश होते. कोणी पाहुणा आला की तक्त्यासमोरून दोनदा जात असे.

दुसरीत पूर्वी नावाची एक मुलगी होती. तिच्या वडलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्या हिवाळ्यात तिच्या आत्याचं साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे लग्न पक्कं करून मुलीला कुंकू लावायचा कार्यक्रम. मुलगा पांढुर्ण्याचा, संत्र्याचा व्यापार असलेल्या घरातला. त्याला वडील नव्हते. घरात शब्द चाले तो त्याच्या काकांचा, आणि दुर्दैवानं त्यांना घरातले-बाहेरले सगळेच काकाजी म्हणत. पूर्वीच्या घरी कार्यक्रमासाठी बैठकीला नवा फिक्का गुलाबी रंग दिला होता. जेवणं झाली, काकाजींनी खर्ऱ्याची पुडी उघडली, बोलता बोलता दारापर्यंत गेले आणि दाराशेजारच्या गुलाबी भिंतीवर थुंकले.

पूर्वी तिथंच उभी होती. तिच्या मनात उद्धटपणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. दिवा लागला की हात जोडायचे, तसं कोणी थुंकलं की ही कविता म्हणायची, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं अभिनयासह चारही ओळी म्हटल्या आणि शेवटी काकाजींकडे पाहत स्वतःचे गाल पुसले. दोन्हीकडची माणसं हसली. मुलीकडची जरा लवकर थांबली. मुलाकडच्याच कोणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं. पाहुणे पांढुर्ण्याला घरी पोचायच्या आधी काकाजी मोबाइलवर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की लग्नाचं पुढं पाहू. पाहू याचा अर्थ आमच्याकडे सर्वांना कळतो.

पूर्वीचे वडील शाळेत आले. भांडखोर माणूस नव्हे. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, बहिणीनं सकाळपासून चहा घेतला नाही. पांढुर्ण्याहून मागणी अशी होती, की ज्यानं हे शिकवलं त्यानं घरी येऊन माफी मागावी, आणि पोरीनंही येऊन काकाजींच्या पाया पडावं. नाहीतर वरच्या ऑफिसात तक्रार होईल. आधी तक्रारीसाठी छिंदवाड्याला जावं लागे, त्यामुळे निम्मी तक्रार रस्त्यातच थंड होई. आता पांढुर्णा जिल्हा झाला होता. ऑफिस काकाजींच्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ आलं होतं.

बडे सरांनी तक्ता उतरवून टेबलावर पसरला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. हा कोणी लिहिला, त्यांनी विचारलं. नजर माझ्याकडे होती. शाळेत असं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. माझं त्या वर्षीच्या नेमणुकीचं कागदपत्र अजून वर मंजुरीला गेलेलं होतं. मी म्हणाले, "मला नाही माहीत, सर."

ते मी फार नम्रपणे म्हणाले. आवाज चढला नाही, नजर खाली होती. माझ्या वागण्यात बोट दाखवायला जागा नव्हती.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग तक्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अक्षर माझं आहे."

कोणाचाच विश्वास बसला नाही. पण बडे सरांना सोयीचं उत्तर मिळालं होतं, त्यामुळे त्यांनी ते लिहून घेतलं. पांढुर्ण्याला जायला गुरुजी तयार झाले. पोरगी येणार नाही, एवढंच म्हणाले. पूर्वीचे वडील चाचरत म्हणाले की नुसतं पाया पडायचं तर आहे. गुरुजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांच्यासोबत कोणीतरी समजदार माणूस असावं म्हणून बडे सरांनी मला पाठवलं.

बसमध्ये त्यांनी शेंगा खाल्ल्या आणि टरफलं पायाशी टाकली. मग म्हणाले, "माफी कशी मागतात हो बाई?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. तसं नव्हतं. साठीला आलेला माणूस खरोखरच विचारत होता. मी वाक्य सांगितलं: आमच्याकडून चूक झाली, मोठ्या मनानं माफ करा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, पहिलीतलं पोर म्हणतं तसं, शब्द वेगळा वेगळा करून. मग म्हणाले की याच्यात यमक नाही. मी म्हटलं, माफी गद्यातच मागायची असते. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, तरी माझ्याच एका पेनानं त्यांनी वाक्य तळहातावर लिहून घेतलं.

काकाजींचं घर मोठं होतं. अंगणात संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांची रास, आणि अंगणाची एक भिंत आमच्या शाळेच्या भिंतीची सख्खी बहीण. काकाजी सोफ्यावर बसले होते. तोंडात खर्रा होता, नुकताच भरलेला असावा, कारण ते बोलताना हनुवटी वर करून बोलत. नवरदेव एका कोपऱ्यात मोबाइल हातात धरून, त्यात न पाहता बसला होता. आतल्या दाराशी काकू उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. चहा आला. गुरुजींनी बशीत ओतला आणि ओढला. मी डोळे मिटले.

मग ते उभे राहिले आणि तळहाताकडे पाहिलं. घामानं शाई पसरली होती. त्यांनी हात जरा उजेडात धरून पाहिला, मग खाली सोडला.

"पोरीचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं. कविता करताना मी भिंतीचा विचार केला. थुंकणाऱ्या माणसाचा केला नाही. त्यालेही चारचौघात लाज वाटते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मले माफ करा."

मी शिकवलेलं यात काहीच नव्हतं. यापेक्षा चांगली माफी मी त्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

काकाजींनी हनुवटी वर केली आणि पोरगी कुठं आहे असं विचारलं. गुरुजी म्हणाले, पोरगी येणार नाही. काकाजी म्हणाले, मग लग्नही होणार नाही. नवरदेवानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला आत्याचा न घेतलेला चहा आठवत होता, आणि एक वाक्य बोलावं असं वाटत होतं. मी बोलले नाही.

बोलल्या त्या काकू. म्हणाल्या, "गुरुजी, ते गाणं मोबाइलमध्ये अर्धंच येऊन राहिलं. पुरं काय आहे?"

गुरुजींनी काकाजींकडे पाहिलं. परवानगीसाठी त्यांनी कोणाकडे पाहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काकाजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण तोंड आता फारच भरलं होतं. गुरुजींनी कविता हळू आवाजात म्हटली. अभिनय केला नाही, हातसुद्धा हलवला नाही. वर्गात चाळीस पोरं किंचाळत म्हणतात तेव्हा ती गमतीची वाटते. त्या खोलीत ती तशी वाटली नाही.

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, आंगणातली ती भिंत मी धुऊन राहिली. दर दिवाळीले. भिंतीले वाईट वाटते म्हणून तरी कोणी बोललं."

काकाजींना यावर पुष्कळ बोलायचं असणार. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोलायला तोंड मोकळं हवं आणि तोंड मोकळं करायला अंगणात जायला हवं. ते उठले, दारापर्यंत गेले. तिथं त्यांना भिंत दिसली. मागं वळून पाहिलं तर बायको पाहत होती, पुतण्या पाहत होता, गुरुजी आणि मी पाहत होतो. काकाजी तसेच थांबले. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. त्यांनी गिळलं.

मग डोळ्यांत पाणी आणून ते सोफ्यावर येऊन बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. दोन उचक्या लागल्यावर काकाजी म्हणाले, "तारीख काढा."

लग्न झालं, चांगलं झालं. गुरुजी आले, पहिल्या पंगतीत जेवले आणि नवरानवरीला न भेटता बस पकडून निघून गेले. शाळेत मात्र तक्ता परत लागला नाही. बडे सरांनी लेखी काढलं की यापुढं कोणतीही कविता मंजुरीशिवाय शिकवू नये. गुरुजींनी सगळ्या कविता स्वतःच्या अक्षरात लिहून मंजुरीला पाठवल्या. त्या कोणाला वाचता आल्या नसाव्यात, कारण उत्तर कधी आलं नाही. उत्तर येईपर्यंत गुरुजी सुविचार लिहीत राहिले. आता ते पुसत नसत. पोरं सुविचार वहीत उतरवून घेत आणि नाकात बोट घालून बसत. दीड वर्षानं ते निवृत्त झाले. त्यांचा वर्ग मला मिळाला, तात्पुरता.

त्या दिवशी बडे सरांसमोर मी जे म्हणाले, त्याबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. टोमणा मारला नाही, नजर बदलली नाही, माझी पेनं पूर्वीसारखीच नेत राहिले. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मागच्या वर्षी एका रविवारी मी मोहगावला गेले. वाटेत वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा केलं.

गुरुजी घरामागच्या संत्र्याच्या झाडांना पाणी देत होते. हातात रबरी नळी. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नीनं खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही.

"गुरुजी, तो तक्ता मी लिहिला होता."

"माहीत आहे. वाचता येत होता."

"मी खोटं बोलले. आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलं."

ते आळ्यात पाणी भरताना पाहत होते. मग म्हणाले, "तुमची नोकरी कच्ची होती, बाई. कच्च्या नोकरीच्या माणसानं खरं बोलावं, अशी कविता मी कधी केली नाही. करून पाहिली. जमली नाही."

"मला माफ करा," मी म्हणाले. रस्ताभर तयार केलेलं सगळं त्या तीन शब्दांत संपलं.

त्यावर काय म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आळं भरलं होतं. त्यांनी नळी उचलली आणि पुढच्या झाडाकडे वळवली. मी नेमकी तिथं उभी होते.

"पाय मागे घ्या," ते म्हणाले. "चपला भिजतीन."

मी पाय मागे घेतले.